दोन मिनिटांचा कॅनडा, बावीस मिनिटांचा महाराष्ट्र

१९७२ सालच्या ऑक्टोबरात पृथ्वीच्या दोन टोकांना, एका दिवसाच्या अंतराने, दोन गोष्टी सुरू झाल्या. १ ऑक्टोबरला कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीवर ‘द बीचकोंबर्स’ नावाची मालिका लागली आणि २ ऑक्टोबरला वरळीहून मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं. आपल्याकडे पुढे काय झालं ते पाहूच. कॅनडात झालं ते असं: ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर निक नावाचा एक गृहस्थ समुद्रात सुटून वाहत आलेले लाकडाचे ओंडके गोळा करतो आणि विकतो. त्याचा रेलिक नावाचा एक खवट प्रतिस्पर्धी आहे. तोही ओंडकेच गोळा करतो. एवढ्या भांडवलावर ही मालिका अठरा वर्षं चालली. भाग झाले ३८७.

हसू आलं असेल तर जरा दमानं. आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ २००१ च्या अखेरीस ई टीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. सासूच्या चार दिवसांना अकरा वर्षं लागली, सुनेचे दिवस कधी आले ते कळलंच नाही. भाग तीन हजारांहून अधिक. एका भागात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं धरली, तर तीन हजार भागांचे होतात अकराशे तास. न झोपता, न जेवता, सलग बघत बसलं तर पंचेचाळीस दिवस पुरतील. निकचे सगळे ओंडके आठवड्याभरात बघून होतात.

म्हणजे चिकाटीत आपण कॅनडाला केव्हाच मागे टाकलं आहे. पण या दोघांत साम्य आहे ते वेगळ्याच कारणाने, आणि ते एकदा दिसलं की रात्री साडेआठची मालिका पूर्वीसारखी दिसत नाही.

शेजारचा हत्ती

कॅनडाचे पंतप्रधान पियरे ट्रूडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकनांना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. प्राणी कितीही सालस असला तरी त्याने नुसती कूस बदलली की आम्हाला कळतं. टीव्हीच्या बाबतीत हे शब्दशः खरं होतं. बहुतेक कॅनेडियन माणसं अमेरिकेच्या सीमेजवळ राहतात. छपरावर अँटेना लावला की पलीकडची चकचकीत वाहिनी फुकट दिसायची. मग आपल्या देशाची मालिका बघणार कोण? म्हणून तिथे कायदाच झाला की प्रक्षेपणाचा ठरावीक हिस्सा देशी असलाच पाहिजे. देशी म्हणजे काय, हेही गुण देऊन ठरतं: दिग्दर्शक कॅनेडियन असेल तर इतके गुण, लेखक असेल तर इतके, प्रमुख नट असेल तर इतके. दहापैकी किमान सहा मिळाले की मालिका उत्तीर्ण.

मराठीचा हत्ती हिंदी. फरक एवढाच की कॅनडाचा हत्ती सीमेपलीकडे झोपतो, आपला आपल्याच घरात, गोरेगावच्या चित्रनगरीत. हिंदी मालिका जिथे घडतात तिथेच मराठीही घडतात. कॅमेरामन, मेकअप दादा, स्पॉट दादा, नट, सगळे या सेटवरून त्या सेटवर. २००९ साली गाजलेल्या ‘पवित्र रिश्ता’त चाळ मराठी, आडनाव देशमुख, भाषा हिंदी आणि मूळ गोष्ट ‘तिरुमती सेल्वम’ नावाच्या तमिळ मालिकेची. गुणपत्रिका घेऊन बसलो तर या मालिकेला कुठल्या राज्याने पास करायचं, हा प्रश्नच आहे.

उलटी पाटी आणि व्यत्यय

सुरुवात दोन्हीकडे सारखीच डळमळीत. सप्टेंबर १९५२ मध्ये टोरांटोच्या केंद्राने पहिलं प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा पडद्यावर पहिली गोष्ट दिसली ती केंद्राचं बोधचिन्ह, उलटं लावलेलं. आपल्याकडे ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी इतक्या नियमाने लागायची की तीही एक मालिकाच वाटे. पण त्या पाटीच्या अलीकडे-पलीकडे जे दिसायचं, ते थक्क करणारं होतं.

भारतात टीव्ही आला तोच एका मराठी माणसाला बरोबर घेऊन. १९५९ मध्ये दिल्लीत प्रयोग म्हणून दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा तिथल्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. पंडित नेहरूंची दूरदर्शनवरची पहिली मुलाखत घेतली तीही त्यांनीच. मुंबई केंद्र सुरू झाल्यावर मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील नावाची एक मुलगी होती. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसे, असं तिचे सहकारी पुढे सांगत. पडद्यावर कमरेच्या वरचंच दिसतं, हे माध्यमाचं पहिलं रहस्य तिने ओळखलं होतं. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं ते या बातम्यांच्या काळातच.

आणि मग आले चिमणराव. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवत. पालीच्या या प्राध्यापकाने एक भित्रा, कुटुंबवत्सल कारकून आणि त्याचा आडदांड मावसभाऊ जन्माला घातला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ही जोडी दूरदर्शनवर आणली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कर्वे यांना पुढे जन्मभर लोक गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारत राहिले. लक्षात घ्या, ही मालिका आठवड्याला एकदाच लागे, कृष्णधवल असे आणि भागही मोजकेच झाले. तरी पन्नास वर्षांनी तिचं नाव काढलं की माणसं सैलावून बसतात. ‘गजरा’तली छोटी प्रहसनं, शनिवारचा मराठी सिनेमा, पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव, हे सगळं त्याच एका वाहिनीवर. पर्याय नव्हता, म्हणून टीव्ही दिसत होता तेवढा महाराष्ट्र एकाच वेळी एकाच विनोदाला हसत होता. हे पुन्हा कधी होणार नाही.

मग १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली (तीच २००५ पासून झी मराठी), पाठोपाठ २००० मध्ये ई टीव्ही मराठी, जिचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं, २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी. ‘प्रपंच’, ‘आभाळमाया’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. टिपऱ्यांचे आबा पुन्हा प्रभावळकरच, कारण गोष्टही त्यांच्याच ‘अनुदिनी’तली. हत्ती शेजारी झोपला होता, पण घर आपलं भरलेलं होतं.

जान्हवीला दिवस गेले, त्याचं पदार्थविज्ञान

आता मुख्य चमत्काराकडे येऊ. दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग दाखवते. सहा गुणिले बावीस म्हणजे १३२ मिनिटं. दर आठवड्याला सव्वादोन तासांचा एक सिनेमा लिहायचा, चित्रित करायचा, जोडायचा आणि दाखवायचा. वर्षाला बावन्न सिनेमे. कॅनडाच्या ‘कॉर्नर गॅस’ या सुंदर विनोदी मालिकेचे सहा हंगामांत मिळून १०७ भाग झाले. आपल्या वेगाने ते काम गुढीपाडव्याला सुरू करून श्रावण लागायच्या सुमारास उरकलं असतं.

हे जमतं कसं? काम वाटून. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि तिघांच्याही डोक्यावर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एका दिवसात साधारण एक भाग उभा राहायला हवा. तयार भागांचा जो साठा असतो त्याला ‘बँक’ म्हणतात, आणि ही बँक कायम ओव्हरड्राफ्टमध्ये असते. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण बंद पडलं तेव्हा बघता बघता नवे भाग संपले आणि सगळ्या वाहिन्या जुन्या मालिका दाखवत बसल्या, त्याचं कारण हेच.

रोज बावीस मिनिटं भरायची तर घटना पुरत नाहीत. त्यावर मालिकावाल्यांनी जो तोडगा काढला आहे तो खरोखर बुद्धिमान आहे. घरात दहा माणसं असतात. एक चिठ्ठी सापडते. ती सापडण्याचा एक प्रसंग, पण ती कळण्याचे दहा प्रसंग. प्रत्येकाने स्वतंत्रपणे हादरायचं असतं. त्यात कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा आदळतो, मागे ढोल वाजतो, आणि एकही संवाद न लिहिता मिनिटभर खर्ची पडतं. शिवाय हे सगळं एकाच दिवाणखान्यात होतं. दिवे लावलेले, सेट उभा. बाहेर जायचं म्हटलं की परवानग्या, गाड्या आणि पाऊस. म्हणून सून रागाने घराबाहेर पडते ती फार तर तुळशीवृंदावनापर्यंत.

याचा परिणाम असा की मालिकेतला एक दिवस आपल्याकडच्या पंधरा दिवसांएवढा लांबतो. पण इथे एक गोची आहे. गणपती मात्र कॅलेंडरप्रमाणेच बसवावे लागतात. आपल्या घरी दिवाळी आणि मालिकेत अजून श्रावण, हे प्रेक्षक खपवून घेत नाही. जाहिरातदार तर मुळीच नाही. म्हणजे मालिकेत दोन घड्याळं चालतात. गोष्टीचं घड्याळ मुंगीच्या पावलांनी आणि सणांचं घड्याळ आपल्याबरोबर. दोन घड्याळांच्या या ओढाताणीत जी सापडली ती ‘होणार सून मी ह्या घरची’ची जान्हवी. तिच्या गरोदरपणात इतके सण येऊन गेले की अख्ख्या महाराष्ट्राला तिची काळजी वाटू लागली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. लोकांना वाटलं लेखक विसरले. विसरले नव्हते, डोहाळजेवण गोष्टीच्या घड्याळाने चाललं होतं आणि वटपौर्णिमा आपल्या घड्याळाने.

तुंबलेला काळ मोकळा करायला मग ‘लीप’ घेतात. सोमवारी पाळण्यात असलेलं मूल मंगळवारी सात वर्षांचं होऊन खोचक बोलू लागतं. आईला फक्त चष्मा लागतो.

कोण ठरवतं?

नवऱ्याची दुसरी बायको आणखी किती महिने घरात ठेवायची, हे ठरतं गुरुवारी. दर गुरुवारी बार्क या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. हे आकडे गोळा कसे होतात, ते कळल्यावर मी दोन मिनिटं गप्प झालो होतो.

वाहिनी आपला आवाज प्रक्षेपित करते तेव्हाच त्यात एक खूण मिसळलेली असते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही. सासूबाई ओरडत असतात, आणि त्यांच्या ओरडण्याच्या पोटात ‘ही अमुक वाहिनी, ही अमुक वेळ’ असा गुप्त निरोप वाहत असतो. निवडक घरांत टीव्हीजवळ बसवलेलं मीटर तो निरोप ऐकतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एकेक बटण दिलेलं असतं. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं. म्हणजे आजी बघतायत की नातू, हेही कळतं.

२०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात २१ कोटी घरांत टीव्ही होता. मीटरं असतात पन्नास हजार घरांच्या आसपास. हिशेब केला तर एक मीटरचं घर साधारण चार हजार घरांच्या वतीने बोलतं. ही घरं कुठली, हे गुपित ठेवलेलं असतं, आणि ते फोडून पैसे चारल्याचा आरोप २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी केला तेव्हा मोठा गहजब झाला होता. तुमच्या लाडक्या नायिकेचा अपघात व्हायचा की नाही, हे कदाचित लातूर किंवा पनवेलमधल्या एखाद्या अनोळखी आजींनी बटण दाबून ठरवलेलं असतं. बिचाऱ्या आजींना वाटतं, आपल्याला कोण विचारतंय!

जिन्यातला प्रयोग

आता एक प्रयोग सांगतो. तो करायला बहुमजली इमारत हवी आणि लिफ्ट बंद हवी. नवी मुंबईत दोन्ही सहज मिळतं.

आमच्या नेरुळच्या सोसायटीत रात्री साडेआठला जिना चढू लागायचं. तळमजल्यावर केबल आहे. तिथे दारात सासूने सुनेला ‘चालती हो’ म्हटलेलं ऐकू येतं. पहिल्या मजल्यावर डीटीएच. तिथे पोहोचेपर्यंत सासू पुन्हा तेच म्हणते. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण मुलगा आईला अ‍ॅपवर मालिका लावून देतो. तिथे तर सासू अजून देवघरात आहे, तिला काही कळलेलंच नाही. पाय पुरेसे चपळ असतील तर माणूस त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना भविष्य सांगू शकतो.

एकच क्षण तीन मजल्यांवर तीन वेळा का घडतो? वाहिनीचा कार्यक्रम जमिनीवरून उपग्रहाकडे जातो. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथून तो खाली येतो, केबलवाला तो पकडतो आणि तारेने घरी पाठवतो. डीटीएचवाला मात्र तो पकडून पुन्हा आपल्या उपग्रहाकडे वर पाठवतो आणि तिथून तो तुमच्या खिडकीतल्या छत्रीत उतरतो. दोनदा वर, दोनदा खाली. एकूण प्रवास सुमारे १ लाख ४४ हजार किलोमीटर. चंद्राच्या वाटेचा तिसरा हिस्सा ओलांडून ‘चालती हो’ आपल्या दिवाणखान्यात येतं! आणि एवढ्या प्रवासाला लागतो जेमतेम अर्धा सेकंद. बाकीचे दोन-चार सेकंद जातात ते चित्र दाबून लहान करण्यात आणि पुन्हा उलगडण्यात.

अ‍ॅपचं गणित उलटं आहे. तिथे कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते सर्व्हरवर ठेवतात, आणि वाटेत नेट रखडलं तरी चित्र अडू नये म्हणून फोन चार तुकडे आधी साठवून मगच दाखवायला घेतो. या काळजीपोटी अर्धं मिनिटही मागे पडायला होतं. गंमत पुढेच आहे. देशातली सर्वात दाट डेटा सेंटरं ज्या पट्ट्यांत आहेत त्यातला एक आपला: ऐरोली, रबाळे, महापे. घणसोलीला जिओचं मुख्यालय आहे. ज्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर कधीकाळी रासायनिक कारखान्यांचा वास ओळखून माणसं स्टेशनं ओळखत, तिथे आता बिनखिडक्यांच्या इमारतींत थंडगार हवेत यंत्रं गुणगुणत बसलेली असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मालिका कदाचित ट्रान्स हार्बरच्या चार स्टेशनांपलीकडून येत असेल. आणि जी अंतराळात दोनदा जाऊन आली ती तिच्या आधी पोहोचते.

याच सोसायटीत असे आईवडील आहेत की ज्यांचा मुलगा मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला आहे. नातवंडांसाठी ते उन्हाळ्यात तिकडे जातात. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे टोरांटोला सकाळचे अकरा. सूनबाई कामावर, मुलं शाळेत, आणि ओंटारिओच्या लख्ख उन्हात आजी कोल्हापूरच्या वाड्यातलं कारस्थान बघत बसतात. कॅनेडियन टीव्हीचं म्हणाल तर तिथेही आता २००८ पासून आइस हॉकीचं समालोचन पंजाबीत होतं. हत्तीशेजारी झोपणाऱ्या देशाने आपल्या घरातल्या पाहुण्याला माईक दिला. हे आपण टिपून ठेवण्यासारखं आहे.

दोन मिनिटांची फजिती

आता शीर्षकातली दोन मिनिटं. १९८० च्या सुमारास ‘एससीटीव्ही’ नावाचा विनोदी कार्यक्रम कॅनडात बने आणि अमेरिकेतही दिसे. कॅनडात जाहिराती कमी, म्हणून तिथला भाग दोन मिनिटांनी मोठा. सीबीसीने सांगितलं, या दोन मिनिटांत काहीतरी खास कॅनेडियन घाला. बहुतेक कलाकार कॅनेडियन, बहुतेक लेखक कॅनेडियन, चित्रीकरण एडमंटनला. तरी आणखी कॅनेडियन काय घालायचं? वैतागून रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस यांनी लोकरीच्या टोप्या चढवल्या, मागे कॅनडाचा नकाशा लावला, हातात बिअर घेतली आणि अडाण्यासारखे काहीबाही बोलत बसले. टोमणा होता सरकारी नियमाला. पण बॉब आणि डग मॅकेन्झी हे भाऊ दोन्ही देशांत इतके लाडके झाले की त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, १९८३ मध्ये सिनेमा निघाला.

आपल्या मालिकांत ही दोन मिनिटं कुठे असतात? नथ, पैठणी आणि मोदक यांत शोधू नका. ती टोपी झाली. ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून. ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून. ‘ठरलं तर मग’ तमिळमधून. आमच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजारीण ‘रंग माझा वेगळा’ची पुढची गोष्ट मराठी मैत्रिणींना आधीच सांगून टाकत, कारण त्यांनी ती मूळ बघितली होती. यात कमीपणा काही नाही. ‘श्रीमोयी’ मराठीत आधी आली आणि मग हिंदीत ‘अनुपमा’ झाली. म्हणजे एकदा तरी आपण हत्तीच्या आधी उठलो.

पण मनात रुतून बसल्या त्या मालिका कुठल्या, ते आठवून पाहा. ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा आणि मालवणी धरली; कोकणात उतरणारी माणसं आजही नाईकांचा वाडा विचारत जातात. ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरचं वसगडे गाव नकाशावर ठळक केलं. ‘लागिरं झालं जी’त सातारा होता, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपुरी बोलत बोलत मसाल्यांची कोट्यवधींची कंपनी उभी करून गेली. हेच तिकडेही. ‘बीचकोंबर्स’ संपून पस्तीस वर्षं झाली, पण गिब्सन्स गावात त्यातलं मॉलीचं हॉटेल बघायला लोक अजून जातात. ‘कॉर्नर गॅस’मध्ये सस्कॅचेवानच्या सपाट माळावरचा एक पेट्रोल पंप आहे आणि तिथे काहीही घडत नाही. ‘किम्स कन्व्हीनियन्स’ टोरांटोतल्या एका कोरियन दुकानदाराची. ‘शिट्स क्रीक’ एका नावही उच्चारवत नाही अशा खेड्याची. तिने २०२० मध्ये अमेरिकेतच जाऊन नऊ एमी पुरस्कार उचलले. जी मालिका एका गावाला घट्ट धरते, ती लांब जाते. जी सगळ्यांना चालेल अशी बेतलेली असते, ती पुढच्या मालिकेच्या प्रोमोबरोबर विसरली जाते.

वाट पाहणारं शहर

टोरांटोचं एक दुखणं आहे. ते शहर पडद्यावर सारखं दिसतं, पण दुसऱ्याच्या नावाने. ‘सूट्स’मध्ये ते न्यूयॉर्क झालं. नवी मुंबईचं तसंच आहे. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, मोकळं पार्किंग. कॅमेऱ्याला सोयीचं गाव. पण गोष्टीत ते कोणाचं तरी ऑफिस असतं, कोणाचं तरी एअरपोर्ट. आमच्या गावाची म्हणून एकही मालिका मला आठवत नाही.

आणि इथे तर गोष्टींचा ढीग आहे. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या आणि शहर आखलं. आगरी आणि कोळी माणसं आधीची. कोपरखैरणे-घणसोलीला बाजार समितीत घाम गाळणारी साताऱ्या-सांगलीची माथाडी कुटुंबं आली. कोकणातले आले, विदर्भातले आले, नेरुळला केरळ-तमिळनाडूचे आले. एका जिन्यात चार बोली. तरी आगरी कानावर पडते ती बहुधा विनोदी स्किटमध्ये, मासे विकणाऱ्या बाईच्या तोंडी, हशा मिळवण्यापुरती. ती टोपीच झाली. जिच्या सासऱ्याची खाडीकाठची शेती गेली आणि जिच्या नातवाला त्याच जमिनीवरच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी लागली, त्या आगरी आजीची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही.

तेव्हा वाहिन्यांत बसलेल्या मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर विनंती आहे. गोष्ट तमिळमधून आणायला जाण्याआधी एकदा वाशीचा पूल ओलांडा. जिना आहे, माणसं आहेत, बोली आहेत, भांडणंही मुबलक आहेत. फक्त पहिल्या सहा महिन्यांत आजीचं अपहरण करू नका.